तीन खेळाडू देशाकडे, सामना मंगळवारी रात्री

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्च या महिन्यांत एखादा शनिवार असा येतो की इंग्लंडच्या फुटबॉलमधली प्रीमियर लीग बंद असते. संध्याकाळी साडेसात-साडेआठला टीव्हीसमोर बसायची सवय लागलेला आपल्याकडचा चाहता त्या दिवशी चरफडतो, 'आला परत इंटरनॅशनल ब्रेक' म्हणतो आणि क्रिकेट लावतो. स्कोअरचं ॲप उघडून जरा खाली गेलं तर मात्र इंग्लंडच्या लीग वन आणि लीग टूमध्ये सामने चालू दिसतात. सगळे नाही. काहींपुढे आकडे हलत असतात, तर काहींपुढे गोलसंख्येच्या जागी नुसतं 'पी-पी' लिहिलेलं असतं. म्हणजे पोस्टपोन्ड. बाहेर लख्ख ऊन, मैदान कोरडं, दोन्ही संघ शाबूत, आणि तरी सामना पुढे ढकललेला. क्लबच्या पत्रकात कारण म्हणून एकच ओळ असते: आंतरराष्ट्रीय बोलावण्यांमुळे.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या क्लबमधला खेळाडू कुठल्या देशाला हवा असतो? आणि बोलावलं तर बोलावलं, उरलेल्यांना घेऊन खेळायला काय होतं? हे दोन प्रश्न कुणालाही पडावेत असेच आहेत.

आधी पायऱ्या बघू. इंग्लंडमध्ये सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिच्यात २० क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकीत २४ क्लब. या खालच्या तिघींचा कारभार ईएफएल, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीग बघते. नावावरून घोटाळा होतो, पण लीग वन ही तिसरी पायरी आणि लीग टू चौथी. २४ क्लब, प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा, म्हणजे मोसमात लीगचेच ४६ सामने. प्रीमियर लीगमध्ये ३८. वरून एफए कप, लीग कप आणि मुख्यतः खालच्या दोन लीगसाठी असलेली ईएफएल ट्रॉफी. ऑगस्ट ते मेच्या सुरुवातीपर्यंत हे सगळं बसवायचं. शनिवार कमी आणि सामने जास्त असं हे गणित आहे, आणि पुढचा सगळा गुंता त्यातूनच निघतो.

आता फिफाकडे वळू. राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी फिफा वर्षभरातले काही काळ आधीच राखून ठेवते. त्यांना विंडो म्हणतात. चाहत्यांचा 'इंटरनॅशनल ब्रेक' तो हाच. आजवरची नेहमीची विंडो सोमवारी सुरू होते आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री संपते. नऊ दिवस, दोन सामने. या काळात देशाने खेळाडू मागितला तर क्लबला तो सोडावाच लागतो. क्लब प्रीमियर लीगमधला असो की लीग टूमधला, खेळाडू ब्राझीलचा असो की जिब्राल्टरचा, नियम एकच. देशाच्या संघटनेने विंडो सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं, क्लबने सहा दिवसांत होकार कळवायचा, आणि विंडो संपल्यावर खेळाडू बुधवारी सकाळपर्यंत परत. दुसऱ्या खंडात खेळायला गेला असेल तर गुरुवारी सकाळपर्यंत.

क्लबने खेळाडू अडवून धरला तर? त्या काळात तो क्लबकडूनही खेळू शकत नाही. काही परिस्थितींत ही बंदी विंडोनंतर आणखी पाच दिवस लांबते. सप्टेंबर २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे प्रीमियर लीगच्या क्लबांनी ब्राझीलचे खेळाडू पाठवले नाहीत, तेव्हा ब्राझीलने हाच पाच दिवसांचा नियम पुढे केला होता. शेवटी प्रकरण मिटलं, पण एका आठवड्यापुरती मोठमोठ्या क्लबांची पाचावर धारण बसली होती.

थोडक्यात, सोमवार ते पुढचा मंगळवार या पट्ट्यात एकच शनिवार सापडतो. भांडण काय ते त्या एका शनिवारचं.

प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप त्या शनिवारी सरळ सुट्टी घेतात. तिथल्या प्रत्येक संघातले इतके खेळाडू बाहेर जातात की दुसरा मार्गच नसतो. लीग वन आणि लीग टूने वेगळी वाट काढली: वेळापत्रकात सामने ठेवायचे, आणि ज्याला अडचण असेल त्याने पुढे ढकलून घ्यायचे. अडचण कशाला म्हणायचं, तर क्लबच्या तीन किंवा जास्त खेळाडूंना राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं की क्लब ईएफएलकडे सामना लांबणीवर टाकायची मागणी करू शकतो. बोलावणं वरिष्ठ संघाचंच हवं असं नाही, २१ वर्षांखालील संघाचंही धरतात. दुसऱ्या क्लबकडून लोनवर, म्हणजे उसना, आलेला पोरही मोजला जातो.

एक काल्पनिक क्लब घेऊ. लीग टू, स्क्वॉड जेमतेम बाविसांचा, त्यातले तिघे कायमचे फिजिओच्या टेबलावर. विंडोच्या दोन आठवडे आधी पहिलं पत्र येतं: गोलकीपर उत्तर आयर्लंडच्या २१ वर्षांखालील संघात. मग दुसरं: विंगर जमैकाकडे. मॅनेजर बोटं मोजतो, दोनच झाले, म्हणजे खेळावं लागणार. शनिवारची तिकिटं विकली जातायत, पाहुण्या संघाच्या चाहत्यांनी रेल्वेची आरक्षणं केलीत. आणि मग बुधवारी वेल्सच्या तरुण संघातला एक डिफेंडर जखमी होतो आणि त्याच्या जागी, प्रीमियर लीगच्या क्लबकडून लोनवर आलेल्या आपल्या एकोणीस वर्षांच्या पोराला फोन येतो. तीन झाले. गुरुवारी क्लब अर्ज करतो, लीग होकार देते, संकेतस्थळावर दोन परिच्छेदांचं निवेदन झळकतं: 'तिकिटं नव्या तारखेला ग्राह्य धरली जातील.' तिकिटं ग्राह्य धरतील हो, पण सवलतीच्या भावात काढलेलं रेल्वेचं आरक्षण आणि हॉटेलची खोली कोण ग्राह्य धरणार?

तीन हा आकडा कुठून आला? त्यामागे काही शास्त्र नाही, कुठेतरी रेघ मारायला हवी म्हणून मारलेली आहे. पण रेघ म्हटली की तिच्या अलीकडचे-पलीकडचे आलेच. दोघेच बोलावले गेले पण ते दोघे म्हणजे पहिला गोलकीपर आणि संघाचे निम्मे गोल करणारा स्ट्रायकर असेल, तर क्लबला हक्क नाही. उलट तिघे गेले आणि तिघेही बाकावर बसणारे असले, तरी हक्क आहे. क्लबचे दोन्ही गोलकीपर एकाच वेळी गेले तर काय? तरीही दोनच. मग लीगच्या परवानगीने कुणाकडून तरी तातडीच्या लोनवर गोलकीपर उसना आणायचा आणि खेळायचं. ज्या माणसाने कालपर्यंत आपल्या सेंटर-बॅकचं तोंडही पाहिलेलं नाही, तो शनिवारी दुपारी तीनला त्याला ओरडून जागा सांगत असतो.

कुणाला येतं बोलावणं?

ब्राझील-फ्रान्सच्या संघात लीग टूचा माणूस नसणार, हे उघड आहे. पण फिफाचे सदस्य देश २११ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांकडे प्रीमियर लीगचे अकरा खेळाडू नाहीत. वेल्स, उत्तर आयर्लंड, आयर्लंड यांचे तरुण संघ इंग्लंडच्या खालच्या लीगवर बरेच अवलंबून असतात. जमैका, ग्रेनाडा, गयाना, सेंट किट्स अशा कॅरिबियन संघांचंही तसंच. खेळाडू स्वतः, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या भूमीत जन्मलेले असले आणि नागरिकत्व असलं की फिफाच्या नियमाने तो त्या देशाकडून खेळू शकतो. लंडनमध्ये जन्मलेला, लंडनच्याच हेलात बोलणारा मुलगा आजीच्या बेटासाठी खेळतो तो असा.

माँटसेराटचंच घ्या. कॅरिबियन समुद्रातला हा ब्रिटिश प्रदेश, वस्ती पाच हजारांच्या आत-बाहेर. १९९५ मध्ये तिथला ज्वालामुखी जागा झाला, राजधानी राखेखाली गेली आणि निम्म्याहून जास्त माणसं बेट सोडून गेली. त्यातली बरीच ब्रिटनमध्ये आली. (त्या गाडल्या गेलेल्या राजधानीचं नाव प्लिमथ. इंग्लंडमधलं प्लिमथही फुटबॉलवेडं, पण त्या दोघांचा तसा संबंध नाही.) २००२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ज्या दिवशी झाला, त्याच दिवशी थिंफूत जागतिक क्रमवारीतल्या तळाच्या दोन संघांचाही सामना झाला होता. त्यात भूतानने माँटसेराटला ४-० असं धुतलं. आणि उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या देशांच्या गोल्ड कपसाठी २०१९ च्या पात्रता फेरीत हाच माँटसेराट केवळ गोलफरकावर हुकला. मधल्या काळात बदललं ते हे, की संघात इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये रोज सराव करणारे व्यावसायिक खेळाडू आले. त्यांतला सगळ्यांत ठळक लाइल टेलर, लंडनमधल्या ग्रिनिचचा. त्या मोसमात तो लीग वनमध्ये चार्ल्टनकडून खेळत होता, तिथला मुख्य स्ट्रायकर होता, आणि मे २०१९ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर बढतीच्या अंतिम सामन्यात संडरलंडला २-१ हरवून चार्ल्टन चॅम्पियनशिपमध्ये गेला. बढतीसाठी झगडणाऱ्या क्लबचा स्ट्रायकर पाच हजार वस्तीच्या बेटासाठी अटलांटिक ओलांडतो, तेव्हा क्लबच्या मॅनेजरच्या पोटात काय होत असेल ते सांगायला नको. पण त्या बेटाच्या दृष्टीने लाइल टेलर म्हणजे इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केनच.

आपला भारत या यादीत दिसत नाही, त्याला कारण आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. बर्मिंगहममध्ये जन्मलेल्या, भारतीय वडिलांच्या यान धांडाला भारताकडून खेळायचं तर ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल. रायन विल्यम्सने तसं केलं. जन्म पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. पोर्ट्समथ, ऑक्सफर्ड युनायटेड, रॉदरहॅम अशा क्लबांत तो इंग्लंडच्या खालच्या पायऱ्या भरपूर तुडवून आला, मग बंगळुरू एफसीत आला आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारतीय झाला. पण तोवर तो इंडियन सुपर लीगमध्ये पोचलेला होता. लीग वनमधला सामना भारताच्या बोलावण्यामुळे पुढे ढकलला गेला, ही बातमी वाचायला आपल्याला अजून बराच काळ थांबावं लागणार.

मग सरळ सुट्टीच का नाही?

प्रीमियर लीगसारखी यांनीही सुट्टी घ्यावी, हे बोलायला सोपं आहे. पण विंडोचा शनिवार हा खालच्या क्लबांसाठी सुगीचा असतो. वरच्या दोन लीगच्या प्रेक्षकांना त्या दिवशी काम नसतं. आर्सेनलचा सीझन तिकीटवाला मुलाला घेऊन घराजवळच्या छोट्या मैदानावर जातो. इंग्लंडमध्ये २०१० पासून नॉन-लीग डे म्हणून एक दिवस पाळला जातो. पहिल्या चार पायऱ्यांच्याही खालच्या क्लबांना प्रेक्षक मिळावेत म्हणून तो मुद्दाम मोठ्या लीग बंद असलेल्या शनिवारी ठेवतात. शिवाय शनिवारी दुपारी ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण दाखवायला पूर्वापार बंदी आहे, छोट्या मैदानांवरचा प्रेक्षक घरी बसू नये म्हणून. वरच्या दोन लीग बंद असल्या की ती बंदी त्या शनिवारी लागू होत नाही, आणि लीग वन-टूचे सामने टीव्हीवर, इंटरनेटवर दिसू शकतात. एरवी ज्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही त्यांना त्या दिवशी पडदा मोकळा मिळतो.

प्रीमियर लीगच्या क्लबला टीव्हीचा पैसा एवढा मिळतो की मैदान रिकामं राहिलं तरी चूल पेटेल. लीग टूच्या क्लबचं तसं नाही. तिकीट, मांस भरलेले पॅटिस, बिअर, लॉटरीची तिकिटं, मुलाने हट्टाने घेतलेला मफलर यातून महिन्याचे पगार निघतात. मोसमात घरचे सामने २३, त्यातला चांगल्या शनिवारचा एक गेला की तो परत येतो तो मंगळवारच्या रात्री. तेव्हा पाऊस असतो, थंडी असते, मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा असते. पाहुण्या संघाचे चाहते तर विचारूच नका. २०१४-१५ मध्ये प्लिमथ आणि कार्लाइल दोघेही लीग टूमध्ये होते. एक इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, दुसरा स्कॉटलंडच्या वेशीवर, मध्ये रस्त्याने सव्वासहाशे किलोमीटर. अशा ठिकाणचा सामना मंगळवारी रात्री पावणेआठला सुरू झाला तर परतणारी बस गावात पहाटे पोचते आणि माणसं तशीच कामावर जातात.

म्हणून सुट्टी घेतली तर सगळ्यांचा तो शनिवार बुडतो. खेळले तर काहींचे मोहरे नसतात. 'ज्याचं त्याने ठरवा' हा तोडगा यातून निघाला.

ज्याचं त्याने म्हणजे नक्की कुणी?

माझा आक्षेप इथे आहे. नियम क्लबला सामना ढकलायला लावत नाही, मुभा देतो. तिघे गेले तरी क्लब म्हणू शकतो की आम्ही खेळतो. मग मॅनेजर काय बघणार? संघ सलग चार सामने जिंकून आलाय, समोरचा धडपडतोय: खेळू या. आपण सलग तीन हरलोय, दोन मुख्य डिफेंडर जखमी आहेत, आणि योगायोगाने तिसऱ्या फळीतला एक पोरगा कुठल्याशा २१ वर्षांखालील शिबिराला चाललाय: ढकलू या. जखमी बरे होतील, जानेवारीत नवे खेळाडू घेता येतील, आणि ते त्या ढकललेल्या सामन्यात खेळूही शकतील. यात नियमभंग कुठेच नाही. पण बोलावणं हे कारण राहतं कागदावर, आणि खरं कारण फिजिओच्या खोलीत असतं.

समोरच्या क्लबला या सगळ्यात तोंडच नाही. त्याचा एकही खेळाडू कुठे गेलेला नसतो, त्याचा स्ट्रायकर त्या महिन्यात भरात असतो, आणि सामना होतो तेव्हा, फेब्रुवारीत, तोच स्ट्रायकर मांडीचा स्नायू धरून बाकावर बसलेला. एका बाजूला तीन खेळाडूंचं संरक्षण मिळतं, दुसरीला नुसती नवी तारीख. निदान दोन्ही क्लबांची संमती लागावी, नाहीतर तीन बोलावणी झाली की सामना आपोआप पुढे जावा, कुणी निवडायचंच नाही. यातलं काहीही आजच्यापेक्षा बरं.

गुणतक्त्याचीही यात वाट लागते. नोव्हेंबरअखेर कुणाचे १५ सामने झालेले, कुणाचे १८. सहाव्या क्रमांकावरचा क्लब खरंच सहावा आहे, की हातात तीन सामने असल्यामुळे दुसरा आहे, हे तक्ता सांगत नाही. इंग्लंडमध्ये 'हातातले सामने' आणि 'हातातले गुण' यांवर पब बंद होईपर्यंत वाद चालतात. मार्च-एप्रिलमध्ये ती सगळी थकबाकी एकदम वसूल होते: शनिवार, मंगळवार, शनिवार, मंगळवार. ज्या तीन खेळाडूंविना संघ दुबळा पडू नये म्हणून सामना ढकलला, तेच तिघे एप्रिलमध्ये दर तीन-चार दिवसांनी धावत असतात. बाविसांच्या स्क्वॉडला ते झेपत नाही.

क्रिकेटवाल्यांना हे सगळं चमत्कारिक वाटेल, कारण आपल्या रणजी करंडकात असं काही नाही. मार्च २०२४ मध्ये धरमशाळेत इंग्लंडविरुद्धची कसोटी ९ तारखेला संपली आणि १० तारखेला वानखेडेवर मुंबई-विदर्भ अंतिम सामना सुरू झाला. रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, सर्फराज खान यांच्याविना. सामना पुढे ढकला, असं कुणी म्हटलंही नाही. सर्फराजचा धाकटा भाऊ मुशीर मात्र संघात होता, त्याने दुसऱ्या डावात १३६ केल्या आणि मुंबईने १६९ धावांनी करंडक जिंकला. मुंबईच्या मागे मैदानामैदानांतून आलेली पोरांची रांग उभी असते, एक गेला की दुसरा. लीग टूच्या क्लबच्या मागे अशी रांग नसते. शिवाय रणजीत खेळाडूला तयार करणारी आणि बोलावणारी यंत्रणा शेवटी एकाच बीसीसीआयच्या छत्राखालची आहे. फुटबॉलमध्ये पगार देणारा वेगळा आणि बोलावणारा वेगळा.

तो पगार देणाराच एकदा न्यायालयात गेला होता. नोव्हेंबर २००४ मध्ये बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबचा अब्देलमजीद उल्मर्स मोरोक्कोकडून बुर्किना फासोविरुद्ध मैत्रीचा सामना खेळताना जखमी झाला आणि कित्येक महिने बाहेर बसला. पगार शार्लरुआचा, दुखापत मोरोक्कोच्या सेवेत. नियमाप्रमाणे त्या काळातला विमाही क्लबनेच उतरवायचा आणि खेळाडू सोडल्याबद्दल मोबदला मागायचा नाही. शार्लरुआने फिफावर दावा लावला, युरोपातल्या बड्या क्लबांचा जी-१४ हा गट त्याच्या पाठीशी उभा राहिला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागण्याआधी २००८ मध्ये तडजोड झाली. दावा मागे, जी-१४ बरखास्त, आणि बदल्यात विश्वचषकाच्या पैशात क्लबांना वाटा. २०१० ला ४ कोटी डॉलर, २०१४ ला ७ कोटी, २०१८ आणि २०२२ ला प्रत्येकी २० कोटी ९० लाख. २०२६ साठी फिफाने हा आकडा ३५ कोटी ५० लाखांवर नेला आणि पात्रता फेरीसाठी खेळाडू सोडणाऱ्या क्लबांनाही त्यात पहिल्यांदा धरलं. लीग वन-टूच्या क्लबांसाठी कामाची गोष्ट ही शेवटचीच. त्यांचे खेळाडू विश्वचषकात क्वचित असतात, पात्रता फेरीत मात्र भरपूर. २०१२ पासून फिफाची एक विमा योजनाही आहे: वरिष्ठ संघाकडून खेळताना जखमी होऊन खेळाडू २८ दिवसांहून जास्त बाहेर बसला, तर त्याचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत ती भरते. २७ दिवस बसला तर क्लब आणि त्याचं नशीब.

विंडो नसली की काय होतं, याचा धडा आपल्याला सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाला. हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धा फिफाच्या विंडोत नव्हत्या, म्हणजे क्लबांवर खेळाडू सोडायचं बंधन नव्हतं. इंडियन सुपर लीग त्याच सुमाराला सुरू होत होती. क्लबांनी हात आखडता घेतला, भारतीय महासंघाने गयावया केली, संघाची यादी पुन्हा पुन्हा बदलली, आणि शेवटी सुनील छेत्रीच्या सोबतीला जे मिळतील ते खेळाडू घेऊन प्रशिक्षक इगोर स्टिमाक निघाले. संघ आदल्या संध्याकाळी चीनमध्ये पोचला, दुसऱ्या दिवशी चीनशीच सामना. राहुल के. पी.ने एक अप्रतिम गोल मारला, बाकी १-५. पुढे बांगलादेशला १-० हरवून आणि म्यानमारशी १-१ बरोबरी करून संघ बाद फेरीत गेला आणि तिथे सौदी अरेबियाकडून ०-२ हरला. तेव्हा समाजमाध्यमांवर क्लबांना देशद्रोही ठरवण्याची लाट आली होती. पण क्लब नियमाप्रमाणेच वागले होते. महासंघाने लीगच्या वेळापत्रकाशी आधी जुळवून घेतलं असतं तर ती वेळ आली नसती.

यापुढे लीग वन आणि लीग टूपुढचं गणित आणखी बदलणार आहे. २०२६ पासून फिफाने सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन विंडो एकत्र करून १६ दिवसांची एकच मोठी विंडो ठरवली, चार सामन्यांची. मोठ्या क्लबांना ते बरं वाटतं: लांबचा प्रवास दोनदाऐवजी एकदा. खालच्या क्लबांसाठी मात्र त्या एका विंडोत लागोपाठ दोन शनिवार येतात. तीन बोलावणी आली की एक नाही, दोन सामने ढकलावे लागतील. मग सप्टेंबरच्या मध्यावर शेवटचा सामना खेळलेला संघ थेट ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मैदानात उतरेल. तीन आठवडे तिकीटविक्री नाही, पगार मात्र चालू. आणि त्या दोन सामन्यांसाठी मंगळवार शोधायचे कुठे, तर हिवाळ्यात. तिथे आधीच ईएफएल ट्रॉफी बसलेली असते, आणि बर्फ पडलं की आणखी पाच-सहा सामने त्याच रांगेत येऊन उभे राहतात. हे टाळायला काही क्लब तीन बोलावणी होऊनही दोघा-तिघा पोरांना वर आणून खेळतील, असा माझा अंदाज आहे. निदान दोनपैकी एका शनिवारी तरी.